रजिस्ट्रीतलं बांडगूळ

बांधावरून, विहिरीवरून, आईच्या पाटल्यांवरून बोलणं बंद झालेली घरं आमच्या चिखले गावात ढिगाने सापडतील. माझं माझ्या दिराशी बोलणं बंद झालं ते कॉम्प्युटरच्या रजिस्ट्रीवरून. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. मी हसत नाही. त्याची स्कूटर फाटकात वाजली की आजही माझ्या कपाळाला आठी पडते, आणि स्वतःचा विचार केला की त्याहून मोठी पडते.

कॉम्प्युटर २०१४ साली सासऱ्यांनी घेतला. कोसबाडच्या बाजूच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर मुलांना शेती शिकवली होती. निवृत्त झाल्यावर वाडीतले चिकू बघायचे आणि उरलेल्या वेळात तलासरीकडच्या डोंगरातल्या गावांत फिरायचे. तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडे भाताची, नागलीची, वरईची जुनी बियाणी होती. कुठलं भात कुठल्या उतारावर लावायचं, कुठल्याची पेज आजाऱ्याला द्यायची, कुठलं पावसाने दगा दिला तरी उभं राहतं, हे सगळं ते वहीत उतरवून आणायचे. शेवटी सांगणाऱ्याचं नाव आणि पाडा. सांगणारे एकेक करून जात होते. सासऱ्यांना काचबिंदू होता. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकते ते बघायचं. त्या उरलेल्या नजरेत सगळं टाइप करून त्याचं पुस्तक करायचं, एवढी एकच इच्छा त्या माणसाला होती. सकाळी दहा ते बारा खिडकीतला उजेड त्यांना सोसायचा. तेवढ्या वेळात दोन बोटांनी जेवढं होईल तेवढं.

त्यांची एक सवय आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे ती आम्हाला भोवली. वहीतलं पान टाइप झालं की ते त्यावर लाल पेन्सिलीने तिरकी रेघ ओढायचे, पान फाडायचे आणि त्याची पुडी करून तिच्यात बियाणं भरायचे. दोऱ्याने बांधलेल्या त्या पुड्या परत त्याच पाड्यांवर वाटायला जायच्या. एकाकडचं भात दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडची नागली तिसऱ्याकडे. मी म्हटलं होतं, "पप्पा, पानं ठेवा ना."

"मशीनमधी गेलं ना आता? मग एकच गोष्ट दोन जागी कशाला? कागद काय फुकट येतो?"

मी तलासरीच्या एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. दर जूनला फळ्यावर लिहिते, महत्त्वाचे काम नेहमी दोन ठिकाणी ठेवावे. मुलं ते वहीत उतरवतात आणि मी पुढच्या धड्याला लागते. घरी त्या दिवशी मी "बरं" म्हटलं आणि भांडी घासायला गेले.

आता दीर. यांचा धाकटा भाऊ, डहाणूत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्याला कुठल्याही बिघाडाचं कारण विचारा, मशीन उघडायच्या आधी उत्तर तयार. तो चुकतो याचा मला राग नव्हता. चुकतानासुद्धा त्याचा चेहरा असा असतो, जणू आपण बाकी सगळे शिकाऊच आहोत, याचा राग होता. मी त्या विषयाची परीक्षा देऊन शिक्षिका झालेली. पण घरात कॉम्प्युटरचं काही निघालं की सगळे म्हणणार, "थांब, तो येऊ दे."

२०१६च्या सुमाराला मशीन रेंगाळायला लागलं. बटण दाबून सासरे वाडीत एक फेरी मारून यायचे तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं. दोन तासांतली वीस-पंचवीस मिनिटं त्यातच जायची. दीर आला, पेनड्राइव्ह खुपसला, काहीतरी चालवलं, आणि पडद्यावर लाल अक्षरांत भलामोठा आकडा आला. इतक्या इतक्या चुका सापडल्या.

"बघा पप्पा. सॉफ्टवेअर काढलं ना, तरी त्याच्या नोंदी आत रजिस्ट्रीत, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, राहतात. तो सगळा कचरा सिस्टीमला खातो. म्हणून स्लो."

सासरे खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे बांडगूळ!"

झालं. चिकूवाल्या माणसाला तो शब्द सुचला आणि मी त्याच क्षणी हरले. आमच्याकडे बांडगूळ कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पक्षी बी टाकतो, फांदीवर ते परकं झाड रुजतं, चिकूचाच रस पिऊन टवटवीत राहतं आणि फांदी वाळत जाते. वेळेवर तोडलं नाही तर झाड हातचं जातं. उभं आयुष्य कोयता घेऊन त्याच्या मागे लागलेल्या माणसाला आणखी पुरावा लागतो कशाला? दुसऱ्या कुठल्या गावात हा युक्तिवाद पंधरा दिवस टिकला नसता. आमच्या घरात तो शास्त्र झाला.

मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दीर बांडगूळ तोडायला यायला लागला. अकरा वाजता येणार, लाल आकडा दाखवणार, बटण दाबणार, आकडा शून्य झाला की सासरे समाधानाने मान हलवणार. त्यानंतर जेवण. सुक्या बोंबलाची चटणी माझ्या हातची, भाकऱ्या माझ्या हातच्या, आणि ताटावर बसून तो मला सांगणार, "वहिनी, शाळेतली मशीन पण एकदा बघायला पाहिजेत. तुम्हा लोकांना ते शिकवत नाहीत." मी त्याच्या पानात आणखी एक भाकरी टाकायचे. टाकायचे म्हणजे टाकायचेच, वाढायचे नाही.

मी समजावलं नाही असं नाही. वाळलेलं पान झाडाचा रस पीत नाही, म्हटलं. या उरलेल्या नोंदी तशा, नुसत्या पडून आहेत. तरीही पटेना, तेव्हा तलाठ्याचं उदाहरण दिलं. "पप्पा, तलाठी आपल्या गट नंबरावरून आपला सातबारा काढतो. कपाटात मेलेल्या माणसांचे चार उतारे जास्त पडले म्हणून आपल्याला उशीर होतो का? तो काय पहिल्या पानापासून सगळं दप्तर वाचत बसतो? मशीनसुद्धा नेमकी पाहिजे ती नोंद काढतं. लाखो नोंदींत पाच-पन्नास मेलेल्या असल्या तर त्याला पत्तासुद्धा लागत नाही."

"मग तलाठ्याकडे उशीर का होतो?"

"त्याची कारणं वेगळी आहेत."

"तू तलाठ्याची बाजू कधीपासून घ्यायला लागलीस?" सासरे म्हणाले, आणि दीर इतका हसला की त्याला ठसका लागला. पाणी मीच दिलं. हे वापीला कारखान्यात नोकरीला. रविवारी झोप पुरी करायची, एवढाच यांचा पक्ष.

मग एका रविवारच्या साफसफाईत मराठी टायपिंगच साफ झालं. सोमवारी सासरे बसले तर मराठी की-बोर्ड चालेचना, पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं. त्यांना वाटलं डोळ्यांनीच दगा दिला. तीन दिवस ते बोलले नाहीत, जेवायला आले की ताटातला भात चाचपून बघायचे. बुधवारी संध्याकाळी मी शाळेतून आल्यावर मला कळलं, आणि मी इतकी संतापले की चप्पल न काढताच मशीनपुढे बसले. टायपिंगचं सॉफ्टवेअर पुन्हा घातलं. त्याच झटक्यात मशीन उघडून बघितलं तर काय, बांडगूळ तोडणारी तीन-तीन सॉफ्टवेअर दिरानेच आत घालून ठेवलेली. मशीन सुरू झालं की तिन्ही आपापलं काम सुरू करायची. जोडीला दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या उरावर बसलेले. मशीन मंद होतं ते यांच्यामुळे. मी मोबाइलवर वेळ लावून बघितली होती. आधीच्या रविवारी साफसफाईच्या आधी जेवढा वेळ लागला तेवढाच नंतरही लागला होता. आता हे सगळं उपटून काढलं आणि पुन्हा वेळ लावली. सासऱ्यांची वाडीतली फेरी व्हायच्या आत मशीन तयार.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्याला जेवायला बसू दिलं आणि मग बोलले. आधी बोलता आलं असतं. पण मला तो ताटावर असतानाच पाहिजे होता. "भावजी, रजिस्ट्रीत बांडगूळ नव्हतं. बांडगूळ तुम्ही आणून लावलंत. आणि यापुढे या मशीनला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

तो भरल्या ताटावरून उठला. सासरे म्हणाले, "अरे बस, बस." तो हात धुवून निघून गेला. मी त्याचं ताट उचललं आणि खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

गणपती सोडला तर दोन वर्षं तो आमच्याकडे फिरकला नाही. सासऱ्यांचं टायपिंग जोरात चाललं होतं. भात संपलं, नागली संपली, वरई सुरू झाली. पुड्या बांधून ते पाड्यांवर पाठवत होते. आता त्यांना फिरणं जमत नव्हतं, म्हणून बऱ्याच पुड्या माझ्या पिशवीतून बोर्डीहून तलासरीच्या बसने जायच्या आणि मी शाळेत मुलांकडे द्यायचे. रविवारी अकराच्या सुमाराला मात्र ते फाटकाकडे बघत बसायचे. मला ते दिसायचं. मी दुर्लक्ष करायचे.

२०१८च्या गणपतीला दीर आला. गणपतीला यावंच लागतं, नाहीतर गाव विचारतं. आरती झाली, प्रसाद झाला, आणि सासरे म्हणाले, "मशीन परत रेंगाळतंय. आणि हल्ली आतून आवाज येतो. टक टक, टक टक. पाल चुकचुकते ना, तसा."

दीर माझ्याकडे न बघता छताला म्हणाला, "दोन वर्षं साफ नाही केलं ना. कचरा साचला असणार. पण मी कशाला हात लावू? मला परवानगी नाही."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. "खरंच रजिस्ट्रीमुळे येत असेल का गं आवाज?"

"रजिस्ट्रीमुळे आवाज येत नाही," मी म्हटलं.

हे वाक्य मी आजही कुठल्याही परीक्षेत लिहीन आणि पैकीच्या पैकी मार्क घेईन. रजिस्ट्रीमुळे आवाज येत नाही. मग आवाज कशामुळे येतो? मी ज्या मुलांना शिकवते त्यांच्यातल्या नववीतल्या पोरीने हे विचारलं असतं. आणि उत्तर मला येत होतं! हार्ड डिस्क मरायला टेकली की असा आवाज करते, हे मी दर वर्षी शिकवते. त्या दिवशी उठून पेनड्राइव्ह लावून सगळं त्यावर उतरवलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. पण त्या खोलीत प्रश्न आवाजाचा नव्हताच. प्रश्न होता तो बरोबर की मी बरोबर. मी बरोबर होते. तेवढं सिद्ध झाल्यावर मी मोदकांचं भांडं विसळायला गेले. आणि तोही दुकानदार माणूस, रोज दहा मशीनं उघडतो. त्याला तो आवाज माहीत नव्हता असं मला कुणी सांगू नये. तोही छताकडे बघत बसला.

दिवाळी झाली आणि भूकंपाचे धक्के सुरू झाले. डहाणू-तलासरीच्या लोकांना तो हिवाळा सांगायला नको. शाळा मैदानात भरत होती, लोक अंगणात ताडपत्रीखाली झोपत होते, कढईतलं तेल हललं तरी पोरं बाहेर पळत होती. आम्हीही वाडीत चिकूखाली खाटा टाकल्या. सासरे मात्र दहा ते बारा आत जाऊन बसायचेच. शेवटची वही उरली होती. जानेवारीत एका सकाळी त्यांनी बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर दोन ओळी इंग्रजी आल्या. टक टकही नाही. काहीच नाही.

मी डिस्क काढली, शाळेतल्या मशीनला लावून बघितली. नाही. तेव्हा यांनी स्वतःच भावाला फोन केला. तो आला, डिस्क रुमालात गुंडाळून घेऊन गेला. मुंबईला कुणाकडे दिली, आठवडाभर तिथे खेपा घातल्या. परत आला तेव्हा सासऱ्यांना काही बोलला नाही. मला बाहेर ओट्यावर गाठून म्हणाला, "आतली तबकडी चरे पडून गेलीय, वहिनी. काही निघणार नाही. आपण धक्क्यांमुळे झालं असं सांगू." तीन वर्षांत तो पहिल्यांदा 'आपण' म्हणाला, आणि ते मला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. मी म्हटलं, "आवाज गणपतीपासून होता, भावजी. धक्के दिवाळीनंतरचे." तो म्हणाला, "मला माहितीय." त्याचा आवाज बारीक झाला होता. तरी मला त्याची दया आली नाही.

मग मी शाळेत मुलांना सांगितलं, घरी माझ्या सासऱ्यांच्या पुड्या असतील तर आणा. दाणे नकोत, कागद पाहिजे. कुणाच्या आजीने पेरून पुडी चुलीत घातली होती, कुणाकडे उंदरांनी खाल्ली होती. जून उलटला की पुडी कोण सांभाळतो? पण काही आल्या. एक पोरगी तीन कोस चालून कुडाच्या भिंतीत खोचून ठेवलेली घेऊन आली. "बाई, आजा म्हणतो, गुरुजींना सांगा, भात चांगलं झालं." सगळ्या मिळून बिस्किटांच्या एका डब्यात मावल्या. शेवटची वही सोडली तर चार वर्षांच्या वह्यांमधलं तेवढंच.

२०१९चा एप्रिल असेल. सासऱ्यांना आता उजेड आणि सावली, एवढाच फरक कळायचा. ओट्यावर खाट टाकून ते पडले होते, मी डबा घेऊन शेजारी बसले होते. एकेक पुडी उलगडायची, लाल रेघेखालचं वाचायचं. अर्धं पान वाचता यायचं, अर्धं ओलीने गेलेलं. नाव ऐकलं की ते म्हणायचे, "हां, ती कोळपी भातवाली. गेली ती." दीर पायरीवर बसला होता. रविवार होता.

मध्येच ते म्हणाले, "रजिस्ट्रीमुळेच गेलं ना सगळं?"

दीर घाईने म्हणाला, "पप्पा, ते धक्क्यांमुळे—"

"धक्के नंतरचे. मशीन त्याच्या आधीपासून ओरडत होतं. मला डोळे नाहीत, कान आहेत." त्यांनी चेहरा माझ्या बाजूला वळवला. "तू सांग. तू शिकवतेस."

तलाठी, सातबारा, वाळलेलं पान, सगळं माझ्या जिभेवर आलं. नाही पप्पा, डिस्कचं आयुष्य असतं, ती झिजते, रजिस्ट्रीचा काही संबंध नाही. ते खरं होतं. पण ते बोलले असते तर मी पुन्हा एकदा बरोबर ठरले असते आणि सुटले असते. साफसफाई बंद करणारी मी. मशीनला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हे सांगणारी मी. दोष रजिस्ट्रीवर गेला की तो सरळ माझ्या अंगावर येत होता, आणि त्याची जागा तीच होती.

"हो," मी म्हटलं. "रजिस्ट्रीमुळेच."

दिराने चमकून माझ्याकडे बघितलं. जिंकला होता.

सासरे म्हणाले, "मग त्याला साफ का करू दिलं नाहीस?"

"मला त्यांचा राग होता, पप्पा."

त्यांनी मान हलवली. पहिल्या रविवारी आकडा शून्य झाला की हलवायचे, तशी नाही. हात पुढे करून माझ्या हातातली पुडी काढून घेतली, चाचपली, घडीवर घडी घालून उशीखाली ठेवली.

"पुढची वाच," ते म्हणाले.

मी डब्यात हात घातला. तळाला दोन-चार भाताचे दाणे होते. पुड्या संपल्या होत्या.